एस.टी.ची फेरी आणि थांबा बदलून घ्यायचा तर अर्जात काय लिहायचं

प्रश्न थोडक्यात असा. गाव बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्त्यापासून दीड किलोमीटर आत आहे. फाटा चोपड्यापासून १८ किलोमीटरवर. सकाळची गाडी फाट्यावर पावणेआठला येते आणि चोपड्याला साडेआठच्या सुमारास पोहोचते. कॉलेज मात्र आठला भरतं. दुपारची गाडी रिकामी जाते. रस्ता रुंद झाल्यावर नवा निवारा फाट्यापासून लांब बांधला, त्यामुळे तिथे कोणी उभं राहत नाही. ग्रामपंचायतीने दोनदा अर्ज दिला आणि दोन्ही वेळा "भारमान नाही", म्हणजे गाडी पुरेशी भरत नाही, असं उत्तर आलं. आता काय करावं?

दोन्ही अर्जांत "गावासाठी नवीन बस सुरू करावी" एवढंच लिहिलेलं दिसतं. त्याला हेच उत्तर येणार. नवीन बस म्हणजे आगाराच्या भाषेत एक नवीन नियत, तुमच्या-आमच्या बोलीत शेड्यूल: एक गाडी, एक चालक, एक वाहक आणि दिवसाला अडीचशे-तीनशे किलोमीटर. आगार व्यवस्थापकाच्या हातात ते नसतं. चालू फेरी पाऊण तास अलीकडे आणणं, तीच फेरी तीन किलोमीटर वळवून गावातून नेणं किंवा थांबा ऐंशी मीटर सरकवणं, यातलं बरंचसं मात्र आगाराच्या आणि विभागाच्या पातळीवर होऊ शकतं. दीड किलोमीटर आत जाऊन परत यायला ३ किलोमीटर लागतात. रोज दोन फेऱ्यांना वळवलं तर महिन्याला १८० किलोमीटर वाढतात. लिटरला साडेचार किलोमीटर धरले तर ४० लिटर डिझेल. एवढ्या मागणीवर बोलणी होतात, म्हणून अर्ज या मापाचा करा.

पहिलं काम: ती गाडी दिवसभर काय करते ते काढा

तुमची पावणेआठची गाडी फक्त तुमची नसते. समजा ती चोपड्याहून ६.२५ ला निघते, तुमच्या फाट्याच्या पुढे ९ किलोमीटरवरच्या शेवटच्या गावाला ७.२० ला पोहोचते, ७.२५ ला परत फिरते, फाट्यावर ७.४५ ला येते आणि ८.२५ ला आगारात. तिथून ८.४० ला तिला दुसऱ्याच दिशेला जायचं असतं. तुम्हाला ती चोपड्याला ७.४५ ला हवी असेल, तर तिने आगारातून ५.४५ ला निघायला हवं. चालक-वाहकाची हजेरी त्याच्याही आधी. मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ प्रमाणे (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या श्रम संहितेने घेतली) दिवसाचं काम ८ तास, सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती आणि कामाचा एकूण पसारा १२ तासांच्या आत असे. पहाटे ४० मिनिटं अलीकडे ओढली की दुपारची शेवटची फेरी ४० मिनिटं अलीकडे तरी येते किंवा दुसऱ्या जोडीकडे तरी जाते. म्हणजे तुमचं कॉलेज साधताना दुसऱ्या गावाची दुपारची गाडी हलते. अर्जात याचा विचार केलेला दिसला की वाहतूक नियंत्रक तो अर्ज नीट वाचतो. नाहीतर फाईलला लावून मोकळा होतो.

ही साखळी कळायला अवघड नाही. बसस्थानकातल्या नियंत्रण कक्षात शांतपणे विचारलं तर गाडी कुठून येते आणि पुढे कुठे जाते ते सांगतात. सांगितलंच नाही तर माहितीच्या अधिकारात १० रुपये भरून मागता येतं. मागताना "बसची सर्व माहिती" असं लिहू नका. अमुक फेरीची तीन महिन्यांतली नियोजित फेऱ्यांची संख्या, प्रत्यक्ष धावलेल्या, रद्द झालेल्या आणि फेरीनिहाय उत्पन्न, एवढंच मागा. उत्तराची मुदत ३० दिवस असते.

मुक्कामी गाडीचा विचार आधी करा

सकाळच्या कॉलेजसाठी सगळ्यात स्वस्त उपाय बहुतेक वेळा मुक्कामी गाडी असतो. रात्रीची शेवटची फेरी गावात थांबते आणि पहाटे तिथूनच निघते. पहाटे रिकामी गाडी बाहेर पाठवण्याचे किलोमीटर वाचतात. मग मुक्कामी गाड्या बंद का पडतात? दोन कारणं वारंवार दिसतात.

एक कारण घड्याळाचं. त्याच १९६१ च्या कायद्याप्रमाणे एका दिवसाचं काम संपल्यापासून दुसऱ्या दिवसाचं सुरू होईपर्यंत सलग ९ तास विश्रांती द्यावी लागे. गाडी रात्री ९ ला पोहोचली तर सकाळी ६ ला निघू शकते. तीच ९.४० ला पोहोचायला लागली तर त्या नियमाने ६.४० च्या आत निघता येत नाही. रात्रीच्या फेरीत चाळीस मिनिटांचा एखादा वळसा कोणीतरी वाढवून घेतो आणि सकाळचं कॉलेज हातचं जातं. दोन्ही टोकांचा संबंध कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून मुक्कामी गाडी मागताना रात्री पोहोचण्याची वेळही अर्जात लिहा: "रात्री ८.४५ पर्यंत आगमन, सकाळी ६.१५ ला प्रस्थान."

दुसरं कारण झोपायच्या जागेचं. चालक-वाहकांनी गाडीतच सीटवर झोपायचं, डास मारायचे आणि पहाटे डबा घेऊन नाल्याकडे जायचं, अशा गावाची ड्युटी कोणी आनंदाने घेत नाही. मग कधी गाडी नादुरुस्त, कधी वाहक रजेवर. ग्रामपंचायतीने कुलूप लागणारी एक खोली, दोन खाटा, पंखा, पाणी आणि जवळ चालू शौचालय द्यावं. गाडी लावायच्या जागेवर दिवा हवा, डिझेल चोरीची भीती खरी असते. वाहक आता बायकाही असतात, हे खोली ठरवताना लक्षात घ्या. ठरावात "ग्रामपंचायत मुक्कामाची सोय करेल" असं मोघम लिहू नका. खोली कोणती आणि किल्ली कोणाकडे, ते लिहा.

"भारमान नाही" म्हणजे काय

भारमान म्हणजे गाडीने वाहून नेलेल्या आसनांपैकी किती भरली. हिशेब डोक्यांचा नसून किलोमीटरचा असतो. साध्या गाडीत ४४ आसनं. २७ किलोमीटरची एक फेरी म्हणजे ४४ गुणिले २७, म्हणजे ११८८ आसन-किलोमीटर. सकाळी ४६ जण चढले आणि सरासरी १५ किलोमीटर गेले तर ६९० होतात. भारमान ५८ टक्के. हीच गाडी बाहेर जाताना ११ जण सरासरी १२ किलोमीटर गेले तर १३२, म्हणजे ११ टक्के. दोन्ही मिळून ३५ टक्के. लोकांना दिसते ती दारात लोंबकळणारी गाडी, आगाराच्या कागदावर असते जाऊन-येऊनची बेरीज. भांडण इथून सुरू होतं आणि दोघंही खरं बोलत असतात.

आता यातले २४ जण पासवाले विद्यार्थी समजा. पास महिन्याचा, त्याचे पैसे एकदाच भरलेले, त्यामुळे ही मुलं त्या फेरीच्या तिकीट उत्पन्नात दिसत नाहीत. उरले २२. तिकिटावरून हिशेब काढला तर सकाळची फेरी २८ टक्क्यांवर येते आणि जाऊन-येऊन १९ टक्क्यांवर. ३५ टक्क्यांची गाडी कागदावर १९ ची झाली, आणि तीही जिच्या दारात पाय ठेवायला जागा नाही अशी! म्हणून कॉलेज आणि हायस्कूलकडून तुमच्या टप्प्यावरच्या पासधारकांची यादी सही-शिक्क्यानिशी घ्या आणि अर्जाला जोडा. या एका कागदाने जितका फरक पडतो तितका शंभर सह्यांनी पडत नाही.

७५ वर्षांवरच्या आजी-आजोबांचा प्रवास ऑगस्ट २०२२ पासून मोफत आहे. पण त्यांना शून्य रकमेचं तिकीट दिलं जातं, आणि ते घेतलंच पाहिजे. गर्दीत वाहक म्हणतो "बसा बाबा, काही गरज नाही" आणि बाबाही बसतात. तो प्रवास कुठेच नोंदला जात नाही. महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, उरलेल्या रकमेची भरपाई शासन महामंडळाला देतं. त्यामुळे "बायका अर्ध्या तिकिटात येतात म्हणून फेरी परवडत नाही" हा युक्तिवाद कोणी केला तर तो मान्य करू नका.

आणखी एक बारीक गोष्ट, जी गावकऱ्यांना सहसा माहीत नसते. तुमचा थांबा तिकीट मशीनमध्ये स्वतंत्र नोंदलेला आहे का? भाड्याचा टप्पा ६ किलोमीटरचा. थांबा मशीनमध्ये नसेल तर वाहक मागच्या किंवा पुढच्या थांब्याच्या नावाने तिकीट फाडतो. भाड्यात फरक पडत नाही म्हणून कोणी तक्रार करत नाही, पण तुमच्या गावाची चढ-उतार शेजारच्या गावाच्या नावावर जमा होत राहते. पुढच्या वेळी फाट्यावरून चढल्यावर तिकिटावर कोणतं नाव छापलं आहे ते बघा. दुसरं असेल तर अर्जातली पहिली मागणी तीच ठेवा: थांब्याचं नाव भाडेतक्त्यात आणि मशीनमध्ये घ्यावं.

मोजणी स्वतः करा

तीन साधे दिवस घ्या, मंगळवार ते गुरुवार, आणि एक तुमचा आठवडी बाजाराचा दिवस. पहाटे साडेपाच ते रात्री आठ, दोन-दोन तासांच्या पाळीने. वहीत सहा रकाने पुरे: वेळ, थांब्यावर किती उभे, किती चढले, किती मागे राहिले, कुठे जायचं होतं, आणि गेले कशाने. शेवटचा रकाना सोडू नका. गाडी यायच्या आधीच्या अर्ध्या तासात काळीपिवळीने आणि ॲपे रिक्षाने किती जण गेले, ते तुमचे हक्काचे प्रवासी. काळीपिवळीवाल्याला वेळापत्रक पाठ असतं. तो गाडीच्या दहा मिनिटं आधी फाटा उचलतो आणि मग एस.टी. रिकामी जाते. त्यावर आगार म्हणतं प्रवासी नाहीत. पंधरा मिनिटं वेळ सरकवली तरी हे गणित उलटू शकतं. मात्र गाडी रोज आली तरच. चार दिवस आली आणि दोन दिवस नाही, तर लोक पुन्हा काळीपिवळीतच बसतात आणि त्यांचं बरोबर असतं.

मोजणी कधी करू नये हेही महत्त्वाचं. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठवड्यात सासुरवाशिणी माहेरी येतात, कोणतीही गाडी घ्या, भरलेलीच. श्रावणातल्या कानबाईच्या दिवसांत तेच. लग्नसराईत तेच. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराच्या दिवसांत सातपुड्याच्या पायथ्याच्या गाड्यांना टपावरही जागा नसते. असे आकडे दिले की आगार एका वाक्यात खोडून काढतं. कापूस वेचणीत, ऑक्टोबर ते डिसेंबर, उलट होतं: सकाळी अकराची गाडी ओस, कारण बायका शेतात. तेव्हाचे आकडे घेतले तर तुमचंच नुकसान. जुलै-ऑगस्टचा कोरडा आठवडा किंवा जानेवारी सगळ्यात बरा.

यासोबत एक महिनाभराची नोंद वेगळी ठेवा: रोज गाडी किती वाजता आली, की आलीच नाही. फाट्यावरच्या चहावाल्याकडे कॅलेंडर टांगून त्यावर लिहायला सांगितलं तरी चालतं. "गाडी उनी का?" (आली का?) हे दिवसातून चाळीस वेळा त्यालाच विचारतात.

गाडी गावात आणायची की फाट्यावरच ठेवायची

इथे भावनेपेक्षा बेरीज करा. आत जाऊन परत यायला ३ किलोमीटर, गावरस्त्यावर ताशी २० च्या वेगाने ९ मिनिटं. चढ-उतार २ मिनिटं, वळवायला २. एकूण १३ मिनिटं. सकाळी मागच्या गावांचे ३० जण गाडीत बसलेले असतील तर त्यांची मिळून ३९० मिनिटं जातात. तुमचे २५ विद्यार्थी दीड किलोमीटर चालतात, प्रत्येकी १८ मिनिटं, मिळून ४५०. वाहतूक नियोजनात चालण्याचं आणि थांबण्याचं मिनिट गाडीत बसलेल्या मिनिटाच्या साधारण दुप्पट जड धरतात. म्हणजे तुमचं ओझं ९००, त्यांचं ३९०. सकाळी गाडी गावात यायला हवी, हे आकड्यावर ठरलं.

दुपारी दोनला मात्र गाडीत मागचे २० जण आणि तुमचे ४. त्यांची २६० मिनिटं, तुमची दुप्पट करूनही १४४. दुपारची गाडी फाट्यावरूनच जाऊ द्या. "सर्व फेऱ्या गावातून न्याव्यात" ही मागणी इथेच फसते: मागच्या गावांचे लोक वैतागतात, त्यांचे सरपंच उलटा अर्ज देतात आणि सगळंच रद्द होतं. सकाळची पहिली, संध्याकाळची शेवटची आणि बाजाराच्या दिवशीची एक, एवढ्याच आत मागा. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असताना म्हाताऱ्या माणसाचं दीड किलोमीटर कोणत्याही बेरजेत मावत नाही हे खरं. त्यासाठी उन्हाळ्यापुरती दुपारची एक फेरी आत मागता येते, पण तसं वेगळं लिहा.

मागच्या गावांचा दुसरा प्रश्न भाड्याचा. मार्ग वाढला आणि त्यांचं एकूण अंतर ६ किलोमीटरच्या पुढच्या टप्प्यात गेलं, तर त्यांचं तिकीट वाढू शकतं. अर्ज देण्याआधी हे तपासा आणि त्या ग्रामपंचायतींशी बोलून घ्या. त्यांचं ना-हरकत पत्र जोडलं तर उत्तम.

गाडी आत येऊन त्याच रस्त्याने बाहेर जाण्यापेक्षा एका रस्त्याने आत आणि दुसऱ्याने बाहेर असा मार्ग मिळत असेल तर तो पहिला पर्याय. वळवण्याची दोन मिनिटं आणि रिव्हर्सचा धोका, दोन्ही वाचतात. शाळा सुटताना मुलांच्या गराड्यात अकरा-बारा मीटरची गाडी मागे घेणं यासारखं धोक्याचं काम नाही. वळवावीच लागणार असेल तर साधारण २५ मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. मारुतीच्या पारासमोर ती दिसते खरी, पण तिथे संध्याकाळी बैलगाड्या, ट्रॅक्टर आणि केळीचे ट्रक उभे असतात. जागा सकाळी सहाला आणि संध्याकाळी सातला जाऊन बघा.

रस्त्याची पाहणी आगाराचे लोक करतीलच, पण आधी स्वतः करा. डांबर ३.७५ मीटर रुंद आणि दोन्ही बाजूंना साईडपट्टी घट्ट हवी, नाहीतर समोरून ट्रॅक्टर आला की गाडी चिखलात. विजेच्या तारा कुठे झोळल्या आहेत, निंबाच्या फांद्या कुठे आडव्या आहेत, गल्लीच्या तोंडावर कोणाचा ओटा पुढे आलाय, हे सगळं लिहून काढा आणि शक्य तितकं अर्जाआधीच मोकळं करा. रेल्वेच्या पट्ट्यात, अमळनेर, शिंदखेडा, नंदुरबारकडे, फाटक बंद करून भुयारी मार्ग केलेले आहेत. तिथे उंचीचा आडवा गज लावलेला असतो आणि पावसाळ्यात पाणी साचतं. जीप जाते म्हणून बस जाईल असं समजू नका, गजाची उंची मोजा. फरशी पूल असेल तर पुराच्या दिवसांत गाडी कुठून वळेल तो पर्यायी मार्गही अर्जात द्या. रस्ता बस वाहतुकीला योग्य असल्याचं बांधकाम विभागाचं पत्र, ज्याच्या ताब्यात रस्ता असेल त्याचं, जिल्हा परिषद किंवा सार्वजनिक बांधकाम, सोबत असलं तर पाहणी लवकर लागते.

सातपुड्यातल्या पाड्यांची गोष्ट थोडी वेगळी. वस्ती एका जागी नसते, दोन-तीन किलोमीटरमध्ये विखुरलेली. तिथे गाडी प्रत्येक पाड्यात नेण्याचा हट्ट न धरता पाड्यांच्या वाटा जिथे मिळतात त्या तिठ्यावर विनंती थांबा घ्या, आणि त्याला लोक बोलतात तेच नाव द्या. धडगाव–तोरणमाळच्या घाटात लांब गाडीला वळणं जड जातात. तिथे वेग ताशी १५ ते २० धरून वेळापत्रक करा आणि संध्याकाळची परत फेरी अंधाराआधी संपवा.

थांबा नेमका कुठे

निवारा फाट्यापासून लांब गेला, कारण रस्त्याच्या कामात जिथे शासकीय जागा मोकळी मिळाली तिथे तो बांधला. असे निवारे खानदेशात पैशाला पासरी. आमदारांचं नाव दोन फुटी अक्षरांत, गावाचं नाव कुठेच नाही, आत शेळ्या. लोक उभे राहतात चहाच्या टपरीपाशी, कारण तिथे सावली आहे आणि दोन्ही वाटा दिसतात. गाडीही तिथेच थांबते, अगदी तिठ्याच्या तोंडावर. मागून येणारा ट्रक गाडीच्या आडून ओव्हरटेक करतो आणि गावातून निघालेली मोटारसायकल त्याला दिसत नाही. अपघात असे होतात.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शनानुसार गावरस्त्याच्या छोट्या तिठ्यापासून थांबा साधारण ६० मीटर दूर असावा, मोठ्या चौकापासून ३०० मीटर. एका गाडीसाठी रस्त्याच्या कडेला १५ मीटर लांबीची खाच आणि आत-बाहेर जायला उतरती जागा. पूल, मोरी, वळण आणि चढाचा माथा टाळायचा. थांबा तिठ्याच्या पुढे, म्हणजे गाडी तिठा ओलांडून थांबेल असा घ्या, त्याने तिठ्याची दृष्टी मोकळी राहते. लोक ६० ते ८० मीटर आनंदाने चालतात, ४०० मीटर नाही. हे अंतर टेपने मोजून नकाशावर दाखवा. बांधलेला निवारा हलवायला वर्षं जातात, थांब्याची पाटी हलवायला एक दिवस. पाटीपासून सुरुवात करा. राष्ट्रीय महामार्ग असेल तर पाटी आणि शेड, दोन्हींसाठी महामार्गाच्या कार्यालयाची परवानगी लागते. आगार त्यावर एकटं काही करू शकत नाही.

शेड नव्याने बांधायची झाली तर उघडी बाजू उत्तरेला किंवा पूर्वेला ठेवा. पश्चिमेला तोंड केलं तर दुपारी दोननंतर छपराचा काही उपयोग नाही. पत्र्याऐवजी कौल किंवा स्लॅब, आणि शेजारी एक निंबाचं झाड. पाणपोई ठेवायची तर रांजण ज्याच्या अंगणातून भरला जाईल त्याच्याशी आधी बोला.

चौपदरी रस्त्यावर, म्हणजे धुळे–जळगाव पट्ट्यात, दुखणं वेगळं आहे. गाडी उड्डाणपुलावरून जाते आणि थांबा खाली सर्व्हिस रोडवर. चालकाचे दोन-तीन मिनिटं वाचतात, तुमची गाडी चुकते. उपाय एकच: त्या फेरीच्या मार्गात "अमुक गावी सर्व्हिस रोडने" हे लेखी यायला हवं. तोंडी सांगितलेलं नवीन चालक आला की संपतं. आणि जलद गाड्यांना फाट्यावर थांबा मागताना हात राखून मागा. साठच्या वेगातली गाडी थांबवून पुन्हा वेगात आणायला, चढ-उतार धरून, एक ते दीड मिनिट जातं. दहा फाटे म्हणजे दहा-पंधरा मिनिटं, मग ती जलद कसली. सकाळची एक आणि संध्याकाळची एक, एवढीच मागणी टिकते.

ऋतू आणि बाजार

मार्च-एप्रिलमध्ये सकाळची शाळा लागते. दहाच्या गाडीला तेव्हा कोणी नसतं, पण साडेअकरा-बाराला फाट्यावर शंभर मुलं उन्हात उभी असतात. एकच वेळापत्रक वर्षभर चालवण्यापेक्षा जून ते फेब्रुवारी आणि मार्च-एप्रिल अशा दोन वेळा अर्जात लिहून द्या. दुपारी रिकामी जाणारी तुमची गाडी कदाचित फक्त चुकीच्या वेळेला आहे. मानव विकासच्या निळ्या गाड्या शाळकरी मुलींसाठी आहेत. त्यांची वेळ हलवायची असेल तर मागणी मुख्याध्यापकांच्या पत्रातून जाऊ द्या, ग्रामपंचायतीच्या नको.

उन्हाळी जादा वाहतूक, पंढरीची आषाढी, सारंगखेड्याची यात्रा, या दिवसांत आगारातल्या गाड्या बाहेर जातात आणि पहिला घाव ग्रामीण फेऱ्यांवर पडतो. सगळ्या फेऱ्या वाचवायचा प्रयत्न केला तर एकही वाचत नाही. कोणत्या दोन फेऱ्या कोणत्याही परिस्थितीत रद्द होऊ नयेत ते आधीच लिहून द्या. कॉलेजची सकाळची आणि संध्याकाळची शेवटची. शेवटची गाडी रद्द होणार हे कळलं की मुलींचे पालक दुसऱ्या दिवसापासून कॉलेजच बंद करतात. हे कोणत्याही भारमानात दिसत नाही.

गावाचा ओढा नेमका कुठे आहे तेही तपासा. तालुक्याचं ठिकाण एकीकडे, पण दवाखाना, रेल्वे आणि बाजार दुसरीकडे, असं तापीकाठच्या गावांत नेहमीचं. यावल भागातल्या माणसाला रेल्वे धरायची तर भुसावळच. मोजणीत अर्धे लोक शेजारच्या तालुक्याला जाणारे निघाले तर अर्ज त्या आगाराला द्या. त्यांची एखादी गाडी तुमच्या अलीकडे सात-आठ किलोमीटरवर येऊन फिरत असते, ती वाढवणं सोपं. नंदुरबार जिल्ह्यातली आगारं धुळे विभागात येतात, त्यामुळे तिथल्यांनी प्रत धुळे विभाग नियंत्रकांना द्यायची. तुमची प्रत जळगावला.

अर्ज असा

एक पान पुरे. वर ग्रामसभेच्या ठरावाचा क्रमांक आणि तारीख. मग: "चोपड्याहून सकाळी ६.२५ ला सुटणारी फेरी ५.४५ ला सोडावी, किंवा त्याऐवजी रात्री ८.४५ पर्यंत गावात मुक्कामी गाडी देऊन ती सकाळी ६.१५ ला सोडावी. ही फेरी चोपड्याकडे येताना गावातून यावी, वाढीव अंतर ३ किमी. दुपारच्या फेऱ्या फाट्यावरूनच जाव्यात. थांबा सध्याच्या निवाऱ्याऐवजी तिठ्यापासून ६० मीटर पुढे, सोबतच्या नकाशात दाखवलेल्या जागी घ्यावा आणि त्याचं नाव तिकीट मशीनमध्ये नोंदवावं. हा बदल १५ जूनपासून तीन महिने प्रायोगिक तत्त्वावर करावा." खाली जोडपत्रं: मोजणीचा तक्ता, पासधारकांची यादी, महिनाभराची हजेरी-गैरहजेरी, रस्त्याचं पत्र, मुक्कामाच्या खोलीचा तपशील, मागच्या गावांचं ना-हरकत. दोन पर्याय दिले की आगाराला निवडता येतं. एकच दिला की नाकारता येतो.

अर्ज मार्चमध्ये पोहोचला पाहिजे. जूनचं वेळापत्रक मेमध्ये बसवायला घेतात आणि त्यानंतर आलेला कागद दिवाळीपर्यंत पडून राहतो. आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. आगारातल्या प्रवासी राजा दिनाला, म्हणजे प्रवाशांच्या तक्रारी समोरासमोर ऐकल्या जातात त्या दिवशी, तीच प्रत घेऊन जा. तिथे नवीन मागणी मांडू नका, फक्त आवक क्रमांक सांगा.

मंजुरी आली की पहिले सहा-आठ आठवडे नाजूक. वेळ बदलल्याचं अर्ध्या गावाला माहीतच नसतं, गाडी रिकामी जाते आणि प्रयोग फसला असा शेरा पडतो. आदल्या रविवारी दवंडी द्या, शाळेच्या आणि बचत गटांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वेळ टाका, पाटीवर रंगवून घ्या. मोजणी केलेल्याच मुलांनी पहिल्या, चौथ्या आणि आठव्या आठवड्यात पुन्हा तीन-तीन दिवस त्याच वहीत नोंद करावी. आठव्या आठवड्याचा आकडा पहिल्यापेक्षा चढा असेल तर तो तीन महिने पुरे व्हायची वाट न बघता आगाराला द्या. तसाच राहिला असेल तर वेळ आणखी दहा-पंधरा मिनिटं हलवून मागा. कॉलेजचा पहिला तास बुडतो आहे की गाडी फार लवकर पोहोचून मुली बसस्थानकात तासभर बसून राहतात, ते मुलींनाच विचारा.